कवचातली चाल

१

लोहारा गावच्या कारखान्यात उज्ज्वलाची पाळी सकाळी सातला लागायची आणि तीनला सुटायची. काम चपलांचे तळवे कापायचं. मशीन खाली यायचं, फोमच्या जाड शीटमधून एका दणक्यात सहा तळवे सुटायचे आणि मागे उरायची नुसती जाळी, पोळीतून पुऱ्या पाडल्यावर उरते तशी. वाया गेलेले मोठे तुकडे घरी न्यायला कुणाची हरकत नव्हती. डिसेंबर लागल्यापासून ती रोज एक पिशवी भरून शेअर ऑटोने तांड्यावर आणत होती, आणि केसांत, भुवयांत अडकलेला फोमचा भुगा वेगळाच.

हे सगळं खुशीसाठी चाललं होतं. खुशी तिची एकुलती एक लेक, दहा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात बापाच्या गाडीवर मागे बसली होती. वळणावर गाडी घसरली आणि पोरीच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दिवाळीपूर्वीच डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, हाड छान जुळलंय, आता हिला चालवा. पण खुशी पाय खाली टेकवेना. दोघांनी धरून उभी केली की अंग लाकडासारखं ताठ करायची आणि असं किंचाळायची, की शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहायचे. शेवटी उज्ज्वलाने उभं करणंच सोडून दिलं.

मग एक दिवस वर्गाच्या ममता मॅडम घरी आल्या. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं, त्यात वेषभूषा. "खुशीला खुर्चीवर बसवून आणा," त्या म्हणाल्या, "आम्ही स्टेजवर ढकलत नेऊ."

मॅडम गेल्यावर खुशीने उशीखालची वही काढली. चित्रात एक बाई होती. डोक्यापासून टाचेपर्यंत चंदेरी कवच, खांद्यावर निळे पट्टे, पाय फाकवून उभी.

"याडी, मले हे पाह्यजे." खुशी आईला घरच्या बोलीत याडी म्हणायची. "खुर्ची नाही पाह्यजे."

"मग स्टेजवर कशी जाशीन वं?"

"हे घालून."

फोम म्हणजे उज्ज्वलाच्या हातातली गोष्ट. बाकीचं तिने मोबाइलवर पाहून घेतलं. एका रविवारी पोरीला खाटेवर आडवी करून जुन्या कपड्यांवरून तिने पातळ प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर खाकी टेपचे वेढे दिले, गळ्यापासून घोट्यापर्यंत. मग पाठीमागून कात्रीने उभा छेद देऊन ती खोळ अलगद सोडवली. खोळ बसली नाही की चपटी झाली नाही. खाटेवर खुशीशेजारी दुसरी पोकळ खुशी पडून राहिली.

खुशी तिच्याकडे बराच वेळ बघत होती. "हे मीच आहो का?"

"तुह्यं माप आहे ते," उज्ज्वला म्हणाली.

२

त्यांचं घर एका ओळीत तीन खोल्यांचं. पुढे बसायची खोली, मधे खुशीची खाट, दोन्हींच्या मधे फुलाफुलांचा पडदा. मधल्या खोलीतून उंबरा ओलांडला की मागची टिनाची खोली. तिथे सोयाबीनची पोती आणि सासूबाईंचा जुना पेटारा असायचा. उज्ज्वलाने तिथेच आपलं दुकान मांडलं.

काम तिला आवडायला लागलं होतं. खोळीवरून माप काढायचं, कटरने तुकडे कापायचे, कडा तिरप्या करायच्या. चपला जोडायचं पिवळं सोल्युशन दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. एकदा बसलं की बसलं. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या हीट गनने फोम गरम केला की तो क्षणभर मेणासारखा मऊ व्हायचा. त्या क्षणात मांडीवर दाबून त्याला छातीचा, गुडघ्याचा, खांद्याचा बाक द्यायचा. थंड झाल्यावर तो बाक तसाच राहायचा. शिरस्त्राणाला डोळ्यांपुढे काळी काच हवी होती. तिने खुशीच्या मांडीचा जुना एक्स-रे कापून तोच बसवला. बाहेरून आतलं काही दिसायचं नाही. फक्त डोळ्यांच्या जागी हाडाची एक पांढुरकी रेघ आडवी जायची.

सगळं तयार झालं तसं तिने ते बांबूच्या फुलीवर चढवून भिंतीशी उभं केलं आणि चंदेरी रंग मारला. चौथ्या दिवशी कामावरून येऊन रंगाचा दुसरा हात द्यायला गेली, तर दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवरचा रंग खरवडलेला. तळहातांवरचाही. खरवडलेल्या जागी मातीचा भुगा भरला होता, खालच्या सारवलेल्या जमिनीचा.

तिची सासू बिजलीबाई नुकतीच कापूस वेचून आली होती आणि ओट्यावर पाय धूत होती.

"माय, तुमी त्या कवचाले हात लावला का?"

"मी कायले हात लावू? मले तं त्याच्याकडे पाहाचंबी भेव वाटते. मांजर असंन."

मांजर असेल. घूसही असेल. उज्ज्वलाने माती पुसली, पुन्हा रंग दिला. पण हात फिरवता फिरवता एक गोष्ट तिच्या मनात आलीच. मांजराने ओरबाडलं असतं तर रेघा पडल्या असत्या. हे घासलेलं होतं. गुडघे आणि तळहात. जे मूल रांगतं त्याचं हेच घासतं.

३

पुढच्या आठवड्यात गुडघ्यांवर नवं काही दिसलं नाही. त्याऐवजी भिंतीवर दिसलं. बांबूच्या फुलीपासून चार हातांवर, कमरेएवढ्या उंचीला, चार बोटांचा चंदेरी ठसा. त्याच्यापुढे वीतभर अंतरावर दुसरा. भिंत धरत धरत कुणीतरी गेलं होतं, आणि तिसऱ्या ठशाशी ते घसरून खाली आलं होतं. तिथून जमिनीपर्यंत रंगाचा ओघळ होता.

उज्ज्वलाने कवचाचा पाय हातात घेतला. गुडघ्याच्या मागे रंगाला बारीक भेगा होत्या. फोम वाकल्याशिवाय तशा भेगा पडत नाहीत. पंधरा वर्षं ती हेच काम करत होती. न घातलेली चप्पल आणि चार दिवस घातलेली चप्पल तिला डोळे मिटून ओळखता आली असती.

मग एकदम तिच्या छातीत उजेड पडला. खुशी! सासू शेतात गेली की दुपारी बारा ते तीन पोरगी एकटी असते. कुणाला न सांगता ती उठत असणार, अंगावर कवच चढवत असणार, चालायला शिकत असणार! उज्ज्वला धावत मधल्या खोलीत गेली, लेकीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि तळवे पाहिले.

तळवे तान्ह्या लेकरासारखे होते. गुलाबी, मऊ, एक कण धूळ नाही.

"काय पाह्यतं, याडी?"

"काही नाही वं. तेल लावून देतो."

तेल लावताना खुशी पोटरीपाशी कण्हली. "पाय दुखून राह्यले माहे. चालल्यावानी."

सहा महिन्यांत पोरीने पाय दुखतो असं म्हटलं नव्हतं. ते पाय जसे तिचे नव्हतेच. उज्ज्वलाला हसावं की घाबरावं ते कळेना. अलीकडे खुशी दुपारभर झोपून असायची आणि तीन वाजता दमून उठायची, हेही तेव्हाच तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्यापूर्वी तिने मागच्या खोलीत आणि मधल्या खोलीत ज्वारीचं पीठ पातळ भुरभुरलं. मुंग्यांसाठी, असं सासूला सांगितलं. परतल्यावर पिशवीही खाली न ठेवता ती आत गेली.

पिठात पावलं होती. फोमच्या बुटांची, तिने स्वतः कोरलेल्या नक्षीसकट. उजवं पाऊल पूर्ण, डाव्याचा फक्त चवडा आणि मागे ओढल्याची रेघ. बांबूपासून निघून पावलं उंबऱ्यापर्यंत आली होती. उंबऱ्याशी दोन्ही पावलं जोडून होती, तिथलं पीठ जास्त दाबलं गेलं होतं. बराच वेळ उभं राहिल्यासारखं. मग तशीच परत गेली होती.

खाटेभोवतीचं पीठ जसंच्या तसं होतं.

४

तिचा नवरा बादल वणीच्या बाजूला कोळशाचा ट्रक चालवायचा आणि शनिवारी घरी यायचा. अपघातापासून तो खुशीपुढे फार बोलत नसे. यायचा, तिच्या उशाशी चॉकलेट ठेवायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. उज्ज्वलाने त्याला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. तो हसला.

"टिन तापते दुपारी. फोम तापला का वाकते, तूच सांगतं ना? वाकला असंन, पडला असंन."

"अन् पडलेला उठून परत बांबूवर चढला?"

बादलने शिरस्त्राण उचललं आणि आत हात घातला. हात तिथेच थांबला.

"उज्ज्वला, हे ओलं आहे."

तिने आत बोटं फिरवली. कपाळाच्या जागी घाम होता, ताजा. बादलने ते नाकाजवळ नेलं आणि त्याचा चेहरा बदलला. आत खोबरेल तेलाचा वास होता, खुशीच्या केसांचा. खुशीच्या डोक्यावर ते शिरस्त्राण अजून एकदाही चढवलं नव्हतं. रंगाचा वास उतरला नाही म्हणून उज्ज्वलाने ते बाजूलाच ठेवलं होतं.

"जाळून टाक," तो हळू आवाजात म्हणाला. "आत्ताच. पोरीतून काहीतरी काढून घेऊन राह्यलं हे. पाह्यतं नाही का, कशी झोपून राह्यते दिवसभर?"

उज्ज्वलाच्याही मनात तेच होतं, म्हणून तर तिला ते ऐकवलं नाही. बादलने छातीचा भाग बांबूवरून उतरवला तशी मधल्या खोलीतून खुशीने हाक मारली. दोघं आत आले. बापाच्या हातातलं कवच पाहून पोरगी रडायला लागली.

"बापू, नोको जाळू. थे रोज पडते. पडते अन् परत उठते."

"कोण पडते?" उज्ज्वलाने विचारलं.

"वहीतली."

मागच्या खोलीत टिन तडकलं. दोघांनी तिकडे वळून पाहिलं.

"पह्यले तिले बसताबी येत नोव्हतं," खुशी डोळे पुसत म्हणाली. "मग रांगली. मग भिंत धरून चालली. काल खाटेपोत्तर आली."

"काही म्हणली तुले?"

"नाही. हात पुढं केला." खुशीने आपला हात पोटाशी ओढून घेतला. "मी नाही देल्ला. मले भेव लागलं. मग थे गेली."

बादल खाली बसला. कवच त्याच्या मांडीवर होतं आणि तो त्याच्या डाव्या पायावरून हात फिरवत होता. मांडीच्या जागेवरून, जिथे हाड मोडलं होतं.

"किती वेळा पडली?" त्याने विचारलं.

"लय वेळा, बापू."

त्याने ते जाळलं नाही. स्वतः उठून बांबूवर परत चढवलं आणि पट्टे नीट बांधले.

५

सोमवारी उज्ज्वलाने अर्ध्या दिवसाची सुटी टाकली. साडेबाराला ती चोरपावलांनी घरात शिरली. बिजलीबाई शेतात होती. पडद्याआड खुशीचा श्वास ऐकू येत होता. उज्ज्वला पुढच्या खोलीत जमिनीवर बसली. हातात फोम कापायचा कटर होता, पातं बाहेर काढलेलं. तिने ठरवलं होतं. ते जे काही होतं ते पोरीच्या अंगाला लागलं, तर ती गुडघ्यातून कापणार होती. जोड कुठे कच्चे आहेत ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

ऊन ओट्यावरून सरकत होतं. दूर कुणाच्या तरी घरी टीव्ही चालू होता. तिला वाटलं, आपण वेड्या आहोत. पोरगी झोपेत उठत असेल, पाय पुसत असेल, लेकरं काय काय करतात. तिने स्वतःला हे तीनदा समजावलं.

मग मागच्या खोलीत फोमवर फोम घासल्याचा आवाज झाला. तो आवाज ती दिवसभर ऐकायची. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

थप. सर्र. थप. सर्र.

उंबऱ्याशी आवाज थांबला. उज्ज्वलाने तोंडावर हात दाबला. मग पुन्हा थप, यावेळी जवळ. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. तिने मान खाली केली आणि त्या फटीतून पाहिलं.

खाटेसमोर दोन चंदेरी बूट उभे होते. त्यांच्यावर चंदेरी पोटऱ्या होत्या, आणि त्याच्यावर पडदा होता.

खाट करकरली.

उठावं, पडदा फाडावा, पोरीला उचलावं आणि रस्त्यावर पळत सुटावं, असं तिच्या अंगातला प्रत्येक स्नायू सांगत होता. कटर तिच्या मुठीत घामाने निसटत होता. तेवढ्यात त्या फटीत, बुटांच्या समोर, एक उघडं पाऊल खाली आलं. गुलाबी, मऊ. बोटं थरथरत होती. अंगठा जमिनीला लागला, उचलला गेला, पुन्हा लागला. त्याच्या मागून दुसरं आलं.

खुशी किंचाळली नाही.

उज्ज्वला हलली नाही. ती मग आयुष्यभर सांगायची, की मी तेव्हा बसून राहिली, याच्याइतकं अवघड काम मी कधी केलं नाही.

बूट एक पाऊल मागे सरकले. उघडी पावलं एक पाऊल पुढे आली. बूट मागे, पावलं पुढे. डावं पाऊल वाकडं पडत होतं, पण पडत होतं. एकदा पोरीचे गुडघे वाकले, बूट फाकले, कुणीतरी कुणाला तरी सावरलं. मग पुन्हा. अशी ती खोलीच्या मध्यापर्यंत आली, तेव्हा उज्ज्वलाला हुंदका आवरला नाही.

आवाज झाला तसा तिने पडदा ओढला.

खोलीच्या मधोमध खुशी एकटी उभी होती. उजवा हात पुढे, कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखा. समोर रिकामी जमीन. तिने आईकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं.

"याडी," ती कुजबुजली, "मले धरू नोको."

नंतर, पोरीला छातीशी धरून पोटभर रडून झाल्यावर, उज्ज्वला मागच्या खोलीत गेली. कवच बांबूवर होतं, पट्टे बांधलेले. उजव्या हाताची फोमची बोटं मिटलेली होती, हात धरल्यासारखी. तिने ती एकेक करून उघडली. ती गरम होती आणि सावकाश, जराशा नाखुशीनेच उघडली.

६

संमेलन सकाळी अकराला सुरू झालं. तीन आठवड्यांत खुशी भिंत धरून ओट्यापर्यंत यायला लागली होती. पाय अजून लचकत होता, दहा पावलांवर दम लागत होता. स्टेजमागे उज्ज्वलाने तिच्या अंगावर एकेक भाग चढवला. माप तंतोतंत बसलं. शेवटी शिरस्त्राण. काळ्या काचेआड खुशीचा चेहरा गेला आणि डोळ्यांच्या जागी ती पांढुरकी रेघ आली.

"जमते का?"

कवचाने मान हलवली.

उज्ज्वला मैदानात येऊन बसली. एका बाजूला बिजलीबाई, दुसऱ्या बाजूला रजा काढून आलेला बादल. ममता मॅडमनी नाव पुकारलं आणि कवच स्टेजवर आलं.

ते सरळ चालत होतं. लचक नव्हती, ओढ नव्हती. उजवं, डावं, उजवं, डावं, शिपायासारखं. मधोमध येऊन पाय फाकवून उभं राहिलं आणि मूठ वर उचलली. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. बादल लहान मुलासारखा रडत होता. उज्ज्वलाचे टाळ्या वाजवणारे हात मात्र थांबले. आज सकाळीच पोरगी ऑटोपर्यंत येताना दोनदा थांबली होती. ही चाल तिची नव्हती.

काळी काच तिच्याकडे वळली आणि तिच्यावर थांबली.

उज्ज्वला उठली. माणसं ओलांडत, कुणाच्या पायावर पाय देत स्टेजमागे धावली. कवच आत येऊन भिंतीला टेकून उभं होतं. काही बोलत नव्हतं. छातीचा भाग खालीवर होत होता. घाईत हनुवटीचा पट्टा सुटता सुटेना.

"खुशी? बोल ना वं. खुशी!"

पट्टा सुटला. शिरस्त्राण निघालं. आत घामाने भिजलेली, केस कपाळाला चिकटलेली तिची लेक होती. दम लागला होता आणि तोंडभर हसत होती.

"याडी, मी पडली नाही!"

उज्ज्वला खाली बसली आणि तिने पोरीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. गाल, नाक, कान, सगळं चाचपून पाहिलं. मग विचारलं, "अन् थे?"

"थे होती ना संगं. आता गेली."

"कुठं गेली?"

खुशीला प्रश्नच कळला नसावा. तिने फाटकाकडे पाहिलं. तिथे बाहेरच्या रस्त्यावर ऊन होतं आणि कुणी नव्हतं.

"काय माहीत. चालता येते ना आता तिले."

कवच उतरवून उज्ज्वलाने पोत्यात भरलं. ते हलकं होतं, गार होतं, नुसता फोम होता. बादलने पोतं खांद्यावर घेतलं आणि सवयीने लेकीला उचलायला वाकला. खुशीने मान हलवली. मैदान मोठं होतं. ती लचकत, थांबत, पुन्हा लचकत निघाली, आणि ते तिघं तिच्या मागे, तिच्याच चालीने, हळूहळू.